शेवटच्या सामन्याचा पेपर

आगबोट आमच्या खाडीच्या तोंडाशीच थांबायची, आत यायची नाही. मुंबईला निघालेल्याला पडावातून तिच्यापर्यंत पोचवावं लागे. पंचावन्न सालच्या ऑक्टोबरात मला पोचवायला बाबा स्वतः वल्ह्यावर बसले. आयुष्यभर तांडेल म्हणून गलबतं हाकलेला माणूस, पण त्या सकाळी त्यांना छोटा पडाव सरळ नेता येईना. किनाऱ्यावर आई उभी होती, आणि तिच्या मागे झुबेदा, माझी बायको, तिला चौथा महिना लागलेला. मी शिडीला हात घातला तेव्हा बाबा एवढंच बोलले, "कोनाच्या झगड्यात परू नको. पन कोनी इचारलान तर खरा सांग."

तुम्ही गावी राहिलेले मला अजून विचारता, त्या वाळूत तुला मिळालं काय? माझ्यासारखे इकडे आखातात आलेलेही हवल्लीच्या वस्तीत चहा पिताना एकमेकांना हेच विचारतात. बारा वर्षं झाली, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. मला इथे बर्फावरची हॉकी मिळाली.

हसू नका. तेलकंपनीच्या वसाहतीत साहेब लोकांच्या मेसमध्ये मी वाढप्याचं काम करत होतो. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी होतं म्हणून टेबलावरचं बोलणं कळायचं. सातआठ साहेब कॅनडाचे होते आणि त्यांचं बोलणं हॉकीवरच असायचं. मला वाटलं, आपलीच हॉकी. मग समजलं की हे लोक पायात लोखंडी पात्यांचे बूट घालून गोठलेल्या बर्फावर धावतात आणि रबराच्या काळ्या चकतीसाठी एकमेकांना आपटतात. मी बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेट्यांत टाकतात तेवढाच. त्यावर माणूस उभा कसा राहतो हेच मला समजेना.

तिकडे मोसमाच्या शेवटी निवडक संघांची बाद फेरी होई, मार्च-एप्रिलात. डग्लस साहेबांची आई रोजचा पेपर जपून ठेवी आणि सगळा गठ्ठा बोटीने पाठवी. तो आमच्याकडे पोचेपर्यंत जून उजाडे. बाहेर लोखंडाला हात लावला तर फोड येईल असं ऊन असे, आणि आत बर्फावरचे सामने सुरू होत. यांचा नियम असा, की निकाल कोणी रेडिओवर ऐकायचा नाही, पत्रात कोणी कळवायचा नाही. तारखेप्रमाणे रोज नाश्त्याला एकच पेपर उघडायचा, जणू सामना कालच झाला. गठ्ठा सांभाळायला माझी निवड झाली, कारण या खेळात ज्याचा जीव गुंतलेला नाही असा त्या खोलीत मी एकटाच होतो.

वाद मात्र ऐकण्यासारखे असत. मार्सेल साहेब मॉन्ट्रियलचे. ते मिठाची आणि मिरपुडीची भांडी टेबलावर मांडून आपली आघाडीची फळी किती वेगवान आहे ते दाखवत. डग्लस साहेब टोरांटोचे. ते मधे मोहरीची बरणी ठेवत आणि म्हणत, हा आमचा गोलरक्षक, आता काढ वाट. वेग श्रेष्ठ की चिवटपणा, यावर अंडी गार होऊन जात. दुसऱ्या वर्षी मी न राहवून म्हणालो की टोरांटोचा बचाव म्हातारा आहे, पण घाबरत नाही. डग्लस साहेबांनी त्या दिवशी मला बसायला खुर्ची दिली. माझा जीव गुंतला तो तेव्हापासून.

एकोणसाठ साली अंतिम फेरीत मॉन्ट्रियल आणि टोरांटो समोरासमोर आले. मार्सेल साहेब मेसमधल्या कपाटाचं कुलूप खटखटवताना दिसले, म्हणून मी गठ्ठा माझ्या खोलीतल्या ट्रंकेत नेऊन ठेवला. चार सामने झाले. टोरांटोने एकच जिंकला होता. आधी चार जिंकेल त्याचा चषक, आणि पाचव्या सामन्याचा पेपर उघडायचा राहिला होता. आणि मधे आली बकरी ईद.

त्याच सुमारास माझं एक काम डग्लस साहेबांकडे अडलं होतं. शहरातल्या शर्क भागात कंपनीचं ऑफिस होतं, तिथे स्टोअर-क्लार्कची जागा निघाली होती. ती मिळाली तर मला वसाहतीतली एकट्या माणसांची बरॅक सोडून हवल्लीत खोली घेता येणार होती, झुबेदाला आणि मुलीला आणता येणार होतं. मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि मी तिला पाहिलीच नव्हती. शिफारसपत्र देईन, असा शब्द साहेबांनी दिला होता.

ईदच्या दिवशी आमच्या खोलीत गावाकडची दहाजणं जमली. उस्मान, माझा खोलीभाऊ, मेसमधला आचारी. त्याने सांदणं आणि मटण केलं होतं. मी नवा सदरा काढायला ट्रंक उघडली आणि उघडीच ठेवून नमाजाला गेलो. परत आलो तर जमिनीवर कागद अंथरलेला, वर मोठा थाळा, भोवती सगळे एकत्र जेवायला बसलेले. मीही बसलो. थाळा उचलला तेव्हा रश्शाच्या तेलकट गोलात मला चषक उचललेला खेळाडू दिसला. मॉन्ट्रियलचा होता. खालचं वाचायला नको होतं, पण डोळ्यांनी वाचून टाकलं.

उस्मान बिचारा रडकुंडीला आला. म्हणाला, "टपालात हरवला म्हनून सांग. त्यांना काय कलनार?" खरंच काही कळलं नसतं. पण माझ्या कानात वल्ह्यावर बसलेले बाबा बोलत होते, आणि मला त्यांचा रागही येत होता, हे कबूल करतो. त्यांचं ऐकून खरं बोललो तर माझी पोर आणखी तीन वर्षं लांब जाणार होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी सगळं सांगितलं. मग मार्सेल साहेबांनी विचारलं, वाचलास का? मी हो म्हणालो. डग्लस साहेबांनी बराच वेळ मोहरीची बरणी फिरवली आणि म्हणाले, आईला दुसरी प्रत मागवतो, तोवर याला कोणी विचारायचं नाही. पत्राबद्दल अवाक्षर नाही.

पुढचे सहा आठवडे मेसमध्ये वादाला ऊत आला. मी सोडून सगळे भांडत होते. मार्सेल साहेब माझ्याकडे चोरून बघत, मी भिंतीकडे बघे. शर्कची जागा भरली असेल असं धरूनच मी चाललो होतो. झुबेदाला पत्रात काय लिहावं ते सुचत नव्हतं.

जुलै संपता संपता डग्लस साहेबांचा करार संपला. दुसरी प्रत अजून आली नव्हती. गाडीत बसण्याआधी त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि लिफाफा हातात ठेवला. आत शिफारसपत्र होतं, त्याखाली शर्कच्या ऑफिसचं उत्तर: महिन्याच्या एक तारखेला हजर व्हा. पत्रावर तारीख होती ईदच्या दुसऱ्या दिवसाची.

"आता सांग," ते म्हणाले.

"टोरांटो हरली, साहेब."

"माहीत होतं. सहा आठवडे तू माझ्याच बशीत कस्टर्ड जास्त वाढतोयस."

झुबेदा आणि मुलगी पावसाळ्यानंतरच्या बोटीने आल्या. मुलगी आता इंग्रजीत उत्तरं देते. त्या माणसाचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत, आणि ते नुसत्या नोकरीचे नाहीत.

एकसष्टला आम्ही रजेवर गावी गेलो. जेवताना आईने सुरमईची एक तुकडी वाढली, दुसरी वाढली. बाबा ओटीवर पाठमोरे बसून होते. तिसरी तुकडी पडली तेव्हा मला डग्लस साहेबांच्या बशीतलं कस्टर्ड आठवलं, मी हात थांबवला आणि विचारलं, "आई, काय लपवतंस?" तिच्या हातातला डाव खाली गेला. मग कळलं की बाबांना दीड वर्षापासून दिसत नव्हतं. मला कळवायचं नाही, अशी त्यांनी तिला शपथ घातली होती. पत्रं मास्तर लिहून देत होते. त्याच आठवड्यात मी त्यांना मुंबईला नेऊन मोतीबिंदू काढवला. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी नातीचा चेहरा पाहिला.

आता मला कोणी विचारलं घर कुठे, तर मी हवल्लीही सांगतो आणि गावही. दर रजेला आईच्या हातची पहिली तुकडी मी मुकाट्याने खातो, दुसरीही खातो. तिसरी आली की विचारतो.