व्हायरस नव्हता

आमच्या पाणी वापर संस्थेच्या इतिवृत्तात गेल्या महिन्यात एक वाक्य लिहिलं गेलं : ‘संगणकातील व्हायरसमुळे त्या हंगामात एका सभासदाची पाळी चुकली.’ खाली माझी सही हवी होती. मी केली नाही. म्हातारा हट्टाला पेटला, असं सगळे म्हणाले. हट्टी मी आधीपासूनच आहे आणि सगळा घोटाळा त्या हट्टातूनच झाला. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. संगणकात व्हायरस नव्हता.

इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आमचं गाव. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा गावानं मला संस्थेचा सचिव केलं. उन्हाळी धानाला कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, कोणत्या दिवशी किती तास पाणी जाईल, ही पाळीची यादी काढणं माझं काम. ती यादी घेऊन कालव्यावर फिरणं, दारं उघडणं आणि लावणं, हे पाटकऱ्याचं काम. माझ्याआधी सगळ्या पाळ्या पाटकऱ्याच्या डोक्यात असत आणि तो चुकत नसे. तरी मी यादी संगणकावर आणली. छापील कागद हातात आला की लोक भांडत नाहीत, हे मला दिसलं, आणि ते मला फार आवडलं.

संगणक जुना घेतलेला, आतली विंडोज त्याहून जुनी. बटण दाबून मी बाहेर चहा पिऊन येत असे, तोवर तो जेमतेम जागा झालेला असे. मग पडद्यावर पाटी येई : या विंडोजला आता कंपनीकडून सुरक्षा मिळणार नाही. रोज तीच पाटी. माशी हाकलावी तशी मी ती हाकलत असे.

अँटिव्हायरस घ्यायला गेलो तेव्हा गोंदियाच्या दुरुस्तीवाल्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं, “बाबूजी, ये विंडोज मर चुकी है. आप मुर्दे को मास्क पहना रहे हो.”

“तुम्ही मास्क द्या,” मी म्हणालो. “मुर्द्याचं मी पाहतो.”

“नई डाल देता हूँ ना. दो घंटे का काम है.”

नव्या विंडोजवर आपला प्रिंटर चालणार नाही, असं मी येऊन संस्थेत सांगितलं. ते खोटं होतं. कुठे दाबलं की काय होतं, हे मी एका वहीत उतरवून पाठ केलं होतं. नव्या विंडोजमध्ये सगळं जागा बदलणार आणि मला पुन्हा कोणापुढे तरी विद्यार्थी होऊन बसावं लागणार. ते मला नको होतं.

पुढच्या वर्षी अँटिव्हायरसच म्हणू लागला की या विंडोजवर मला नवीन काही मिळत नाही. मी त्याच दुकानातून दुसरा, जुन्या विंडोजवर चालणारा आणला. “एक ही रखना,” असं दुकानदारानं दोनदा बजावलं. मी दोन्ही ठेवले. एका चौकीदारापेक्षा दोन बरे, असा माझा हिशेब. त्या दोघांनी एकमेकांनाच चोर ठरवलं. हा त्याची फाइल धरायचा, तो याची. संगणक धापा टाकायचा आणि दर थोड्या वेळानं लाल चौकट यायची : संशयास्पद फाइल सापडली आहे, काढून टाकू का? पहिले काही दिवस मी चष्मा लावून प्रत्येक चौकट वाचली. नंतर कंटाळा आला. चौकट आली की ‘हो’. प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असं ज्यानं जन्मभर पोरांना ओरडून सांगितलं, तो मी!

सात वर्षांपूर्वी उन्हाळी पाळ्या सुरू व्हायच्या आदल्या दिवशी यादीची फाइल उघडायला गेलो, तर ती जागेवर नव्हती. फाइल निर्दोष होती. चौकीदाराला उगाच संशय आला आणि ‘हो’ मी म्हटलं होतं.

मी गेल्या वर्षीचा छापील कागद समोर ठेवून नवी यादी टाइप केली. पण त्या वर्षी टेलवरच्या दोन बांध्या एका बाईनं नव्यानं ठेक्यानं घेतल्या होत्या. तिचं नाव मी स्वतः त्या फाइलमध्ये घातलं होतं. जुन्या कागदावर ते असणार कुठून?

पाटकरी सकाळी यादी घेऊन गेला आणि तासाभरात परत आला.

“गुरुजी, टेलवरच्या बाईचं नाव नाई यात.”

“मग तिची पाळी नसेल.”

“असं कसं? अर्ज तं तिनं माह्यासमोर देला.”

“कॉम्प्युटर विसरत नाही. तू तुझं काम कर.”

आदल्या वर्षी त्यानं यादीबाहेर एकाला पाणी दिलं होतं, तेव्हा मी त्याच्याकडून लेखी माफी घेतली होती. तो गुमान गेला.

पाळी संपली. पुढची पंधरा दिवसांनी आणि रोवणीला आलेली रोपं वाळू लागलेली. ती बाई ऑफिसात आली, पदरातून बांधीतलं ढेकूळ काढलं आणि माझ्या कीबोर्डवर ठेवलं. “घ्या. हे पाहा तुमच्या मशिनीचं पानी.”

चूक मला त्याच क्षणी कळली. तेव्हाच बोललो असतो तर बैठकीत थोडी थट्टा झाली असती, इतकंच. मी तसं केलं नाही. बैठकीच्या आधी तिचं नाव यादीत घातलं, नवा कागद छापला आणि सगळ्यांपुढे धरला. “यादीत नाव आहे. पाणी दिलं गेलं नाही.”

पाटकऱ्यानं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. कालव्याच्या दाराची चावी टेबलावर ठेवून तो निघून गेला. त्याच्या गप्प राहण्याला लोकांनी कबुली समजलं. त्याचं काम गेलं.

यंदा पाटकऱ्याची जागा रिकामी झाली. कोणीतरी त्याचं नाव काढलं, तर अध्यक्ष म्हणाले, “त्यानं तं टेलचं पानी तोडलं होतं.” मी शेजारीच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात मोहफुलं वाळत घालत होता.

“मी तेव्हा खोटं बोललो,” मी म्हणालो.

“मले मालूम आहे.” हात थांबला नाही. फुलं पसरून झाल्यावर तो आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आला. माझी पहिली यादी. घड्यांवर फाटलेली. तिचं नाव नसलेली.

“ही दाखवली का नाहीस?”

“कोनाले दाखवू? माह्या पोरायले तुमी शिकवलं. गुरुजीचा कागद खरा का पाटकऱ्याचा, हे गावाले इचारा लागते का?” मग म्हणाला, “आता कायले सांगून राहिले?”

 बैठकीत सांगतो, एवढंच म्हणालो.

“सांगा. पन यादी तुमीच वाचा. मी वाचली तं चुकीची वाचली म्हनतील.”

मी बैठकीत ती पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली. पुढचंही सगळं सांगितलं.  मग अध्यक्ष म्हणाले, “व्हायरस असंल, गुरुजी. माह्या भाच्याच्या मोबाईलमधी बी आलता.” सगळ्यांना हायसं वाटलं. मग ज्याला त्याला आपापल्या मोबाईलचा व्हायरस आठवला. मी ओरडत होतो, “व्हायरस नव्हता! मी होतो!” लोक हसत होते. चहा आला.

ती बाई मागून म्हणाली, “मंग दुसरी यादी बी व्हायरसनंच छापली का?”

 तरी अध्यक्षांनी इतिवृत्तात व्हायरसच लिहिला. गुरुजींची शोभा व्हायला नको, म्हणे! पाटकऱ्याला त्याचं काम परत द्यायचं मात्र ठरलं. पाटकऱ्यानं दारात उभ्यानं ते वाक्य वाचून घेतलं आणि विचारलं, “यात मी कोठी आहो?”

तो कुठेच नव्हता. मी माझ्या हातानं दुसरं वाक्य लिहून दिलं आहे : ‘सभासदाचे नाव सचिवाकडून गळले, सचिवाने नंतर खोटी यादी छापून दोष पाटकऱ्यावर टाकला, पाटकऱ्याने चूक वेळीच निदर्शनास आणली होती.’ हे वाक्य रजिस्टरात गेल्याशिवाय चावी हातात घेणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं आहे.

चावी अध्यक्षांच्या घरी खुंटीला आहे. मी रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो.

“गुरुजी, कायले माह्या मागं लागून राहिले?” ते वैतागतात. “एक सही तं आहे. करून टाका ना.”

आधी रजिस्टरात माझं वाक्य दाखवा, मी म्हणतो. न वाचता ‘हो’ म्हणणं मी सोडलं आहे.