शिंपीमास्तरांचा खांब

आमच्या ओळीत सात घरं. खाली दुकान, मागे चिंचोळं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. दोन घरांत भिंत एकच; शेजाऱ्यानं खिळा ठोकला की आपल्याकडचा पोपडा पडलाच. बांधणाऱ्याला अक्कल होती. दुकानाचं तोंड रुंद ठेवलं, वर लाकडी तुळई टाकली आणि वरच्या मजल्याची दर्शनी भिंत पेलायला तुळईखाली मधोमध सागवानी खांब दिला.

चौथ्या घरात शिंपीमास्तर. जन्मले तिथंच, बापाच्याच मशीनवर बसले. बोलणं मोजकं, हट्ट खेचराचा. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी कापड बेतायला आठ फुटी अखंड टेबल आणलं. खांबामुळं ते आत जाईना. इतक्या देखण्या लाकडाला करवत लावायला मास्तरांचा जीव होईना, म्हणून त्यांनी खांब कापला. मग लोक बोलतील म्हणून तिथं प्लायवूडचा पोकळ खांब उभा केला, रंगवला, वर गिऱ्हाइकांसाठी आरसा टांगला.

मालकाला ओळ पाडायची होती. आम्ही भांडून तपासणी मिळवली: मजबूत निघाली तर जुनी वास्तू म्हणून राहणार. इंजिनियरनं तीन घरं ठोकून पाहिली. पास. मास्तरांच्या आरशात त्यानं भांग नीट केला आणि लिहिलं, ‘खांब उत्तम.’

“साहेब, थांबा,” मास्तर म्हणाले. “आरसा उतरवतो. आता ठोका.”

रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

मी मास्तरांना स्वयंपाकघरात ओढलं. “तोंडाला चार टाके घालता आले नाहीत?”

“घातलेच होते की. बावीस वर्षं.” त्यांनी वर बोट केलं. “वरचं दार अडकतंय. यंदा तिसऱ्यांदा रंधा मारला. दार फुगत नाहीये रे, भिंत बसतेय. तिलाच डोकं लावून माझ्या नाती झोपतात.”

मी त्यांना शिवी दिली.

एका घराला लोखंडी टेकू पुरला असता. इंजिनियर तोंडानं तसंच म्हणाला. पण मालकाच्या वकिलानं सामाईक भिंतीचा मुद्दा काढला आणि कागदावर सातही घरं धोकादायक झाली. लबाड मालक, आणि शिव्या मास्तरांना. सामान बांधताना ओळीतलीच पाववाली काकू भर रस्त्यात म्हणाली, “मास्तर, सहा संसार मांडायचेत. टेबल मोठं आहे ना तुमचं?”

मास्तरांनी मान खाली घातली. सून पोरींना घेऊन माहेरी गेली.

पाडकाम सुरू झालं तेव्हा ते रोज समोर येऊन उभे राहायचे. त्यांचं घर अर्ध्या दिवसात खाली आलं. बाकीच्या सहांना सोळा दिवस लागले. पहारी वाकल्या, मजूर घामाघूम झाले, मुकादम वैतागून म्हणाला, “कुणी सांगितलं हे पडकं आहे म्हणून?”

आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मीसुद्धा.