शेवटची सात मिनिटं

वृंदा टिपणीसला कंपनीने घेतलं तेव्हा पत्रात पदाचं नाव नव्हतं. 'कबड्डी संघाच्या शारीरिक तयारीसाठी, तीन महिने, हंगामी' एवढीच ओळ. वर तारीख होती नोव्हेंबर १९८८ ची. वडील शरदचंद्र टिपणीस याच कंपनीच्या अंबरनाथमधल्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे तू नक्की कोण?"

"ते फेब्रुवारीत कळेल, बाबा."

फेब्रुवारीत औद्योगिक कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना असे. गेली तीन वर्षं कंपनीचा संघ त्या सामन्यापर्यंत पोचत होता आणि तिथे हरत होता. वेल्फेअर ऑफिसर श्यामकांत प्रधान यांनी वृंदाला पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं की यंदा विजेतेपदाची ढाल आली तर पद निर्माण करू, नाही आली तर तीन महिन्यांचा अनुभव म्हणून दाखला देऊ. दाखला घेऊन तिला परत त्या शाळेत जावं लागणार होतं, जिथे शिवण आणि पी.टी. एकाच बाईने शिकवायची असे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन दोन वर्षं ती मुलींना काजं करायला शिकवत होती. सुईत दोरा ओवताना आपली मांडी, आपला दंड, आपली पोटरी हळूहळू कुणा दुसऱ्याची होत चालली आहे असं तिला वाटे.

प्रधानांकडे ती एक कागद घेऊनच गेली होती. मागच्या वर्षीचा अंतिम सामना तिने बाबांबरोबर पाहिला होता, हातात घड्याळ धरून. चाळीस मिनिटांच्या सामन्यात आपला संघ तेहतिसाव्या मिनिटापर्यंत पुढे होता. त्यानंतरच्या सात मिनिटांत आपल्याला एक गुण मिळाला आणि समोरच्यांना अकरा. आदल्या दोन वर्षांचंही तिने खेळाडूंना विचारून काढलं होतं. चित्र तेच.

"तुमचा संघ हरत नाही, साहेब," ती म्हणाली होती. "विझतो."

प्रधानांना तो शब्द आवडला असावा, किंवा तो कागद.

संघाचे प्रशिक्षक हिरामण म्हात्रे यांना दोन्ही आवडले नाहीत. हिरामणदादा मेंटेनन्समध्ये फिटर. पन्नाशीचे, आगरी, रुंद खांद्यांचे. एके काळी त्यांची पकड सुटत नसे. आता जिना उतरताना त्यांचे दोन्ही गुडघे वाजत. त्यांची शिस्त साधी होती: पाचशे बैठका, अडीचशे जोर, मग न थांबता तासभर खेळ. सराव संपेपर्यंत पाण्याला हात नाही. थांबणारा तो बायल्या.

"बाई, मी हजार मारायचो," ते म्हणाले.

"म्हणून आता जिना उतरताना कठडा धरता," वृंदा म्हणाली, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. मग हरिचंद्र फिसकन हसला. हरिचंद्र भोईर हा संघाचा मुख्य चढाईपटू, चोवीस वर्षांचा, केसांना मधोमध भांग पाडणारा. तो हसला म्हणून बाकीचेही हसले. हिरामणदादा नाही हसले.

मैदान कारखान्याच्या मागे होतं, नाल्याच्या कडेला. नाल्याला कधी निळं पाणी असे, कधी तपकिरी. शिफ्ट सुटली की पोरं थेट तिथे येत, नखांत रंग तसाच. वृंदाने कडेला पाण्याचा माठ ठेवला, बैठका दीडशेवर आणल्या, गुडघे किती वाकवायचे ते दाखवलं. धावणं वाढवलं. वाळूच्या गोण्या उचलायला लावल्या. पोरं कुरकुरत पण करत. महिनाभराने तिने पूर्ण चाळीस मिनिटांचा सराव सामना लावला आणि घड्याळ घेऊन उभी राहिली.

तेहतिसाव्या मिनिटाला हरिचंद्रचे पाय जड झाले. पस्तिसाव्याला कोपऱ्यातला खेळाडू हात गुडघ्यांवर टेकून उभा राहिला. पोरं आधीपेक्षा बळकट झाली होती, आणि तरी बरोबर तिथेच, त्याच अदृश्य भिंतीवर जाऊन आपटली.

हिरामणदादा माठातलं पाणी प्यायले आणि गेले.

त्या रविवारी वृंदा बदलापूरला उतरून बारवी धरणाच्या रस्त्याला लागली. विचार करायचा असला की ती धावत असे. डोंगरातून खाली येणाऱ्या पायवाटेवर तिच्या पुढे एक बाई चालली होती. डोक्यावर लाकडाची मोळी, अनवाणी. वृंदाने मागे टाकू म्हणून वेग वाढवला, पण अंतर कमी होईना. ती बाई चालत नव्हती, लहान लहान पावलांनी जवळजवळ पळत होती, आणि मोळी जराही हलत नव्हती. मग एका जागी ती थांबली. वाटेच्या कडेला छातीइतक्या उंचीचा दगडांचा ओटा रचलेला होता, वर एक सपाट शिळा. तिने न वाकता मोळी डोक्यावरून त्या शिळेवर सरकवली आणि टेकून उभी राहिली.

वृंदा धापा टाकत पोचली.

"बाय, कशाला पळते?" त्या बाईने विचारलं. "कुनी मागं लागलाय?"

"नाही. तुम्ही दमलात का?"

"नाय."

"मग का थांबलात?"

बाईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं शहाण्या माणसाने विचारू नये ते विचारल्यावर पाहतात. "दमली नाय म्हनून तर थांबली. दमल्यावं थांबली तं हे वझं परत डोक्यावं कोन चढवल?"

तिचं नाव चंद्री, डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. वाडीपासून बाजारापर्यंत असे सहा ओटे होते, जुन्या लोकांनी रचलेले. बाया प्रत्येक ओट्यावर थांबत. पहिल्यावरसुद्धा, जिथे घाम आलेला नसतो. कुणी ओटा चुकवत नसे. किती वेळ थांबता, असं वृंदाने विचारलं, तेव्हा चंद्रीने खांदे उडवले. श्वास नाकातून यायला लागला की निघायचं.

वृंदा पुढचे चारही ओटे तिच्याबरोबर चालली आणि घड्याळ लावत राहिली. प्रत्येक ओट्यावर वेळ जवळजवळ सारखा भरला. शेवटच्या टप्प्यावर चंद्रीचं पाऊल पहिल्या टप्प्याइतकंच होतं. वृंदाच्या छातीत काहीतरी सरळ झालं, वाकलेली तार सरळ व्हावी तसं. आपण महिनाभर पोरांना भिंतीवर जोराने आपटायला शिकवत होतो. भिंत लांब सरकवायची तर वाट आधीपासून तुकड्यांत तोडावी लागते.

पुढच्या रविवारी तिने हरिचंद्रला आणि आणखी चौघांना वाडीच्या पायथ्याशी आणलं. हिरामणदादाही आले. म्हणाले, बघू तरी काय तमाशा आहे. चंद्रीने शेजारणीची मोळी हरिचंद्रसाठी आणून ठेवली होती.

"बाजारापतूर नेशील ना रे?" तिने विचारलं. "माजं काय, तिची एक खेप वाचल."

हरिचंद्रने मोळी उचलली, मित्रांकडे पाहून डोळा मारला आणि निघाला. पहिल्या ओट्यावर चंद्री थांबली. तो थांबला नाही. "मावशी थकली," मागे वळून म्हणाला. दुसऱ्या ओट्यापाशी त्याने हात हलवला आणि पुढे गेला. तिसऱ्यापाशी त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पण आता थांबणं म्हणजे लाज. चौथा ओटा ओलांडताना तो तिरपा चालायला लागला. पाचव्याच्या चाळीस पावलं अलीकडे मोळी धाडकन खाली आली आणि हरिचंद्र तिच्याशेजारी बसला, तोंड उघडं, डोळे पांढरे.

चंद्री मागून आली, त्याच लहान पावलांनी. त्याच्यापाशी क्षणभर रेंगाळली. "उचलून देऊ का रे बाबा?"

मित्र पोट धरून हसत होते. हिरामणदादा मात्र ओट्यापाशी उभे होते. शिळेवर हात ठेवून त्यांनी तिची उंची स्वतःच्या छातीशी ताडून पाहिली. मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "आमाला हे कुनी सांगितलं नाय," ते एवढंच म्हणाले.

त्यानंतर सरावाची वेळ तितकीच राहिली, पण आतली मांडणी बदलली. तीस सेकंद पूर्ण जोर, जेवढी एक चढाई असते तेवढा. मग उभं राहायचं, श्वास नाकावर येईपर्यंत. दम लागलेला असो वा नसो. वृंदा सेकंद मोजी आणि आधी हलणाऱ्याला परत उभं करी. पोरांना धावण्यापेक्षा हे उभं राहणं जड गेलं.

"मॅडम, उभं रावाला आमी काय बगलं हाव?" हरिचंद्र चिडून म्हणाला.

"बगळा शेवटी मासा घेऊन जातो," वृंदा म्हणाली. "मोज. अठरा. एकोणीस."

सामन्यासाठी तिने एकच नियम केला. हरिचंद्रने सलग दोन चढाया केल्या की तिसरी त्याची नाही. गुण कितीही असोत. तिसऱ्या वेळी त्याने कोपऱ्यात उभं राहून श्वास घ्यायचा. हिरामणदादांनी मान डोलावली, पण अंतिम सामन्यात मैदानाच्या कडेला बसून हुकूम द्यायचा हक्क प्रशिक्षकाचा होता, तिचा नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

सामना उल्हासनगरच्या एका मोकळ्या मैदानावर झाला, संध्याकाळी पाच वाजता, शहाडच्या संघाशी. कापडवाले, फर्निचरवाले, गॅरेजमधली पोरं, दोन्ही कारखान्यांचे कामगार, सगळे दोरीला रेटून उभे. शहाडचा संघ वादळासारखा आला. बाराव्या मिनिटाला आपला अख्खा संघ बाद होऊन लोण बसलं. हरिचंद्र दोन चढाया करून कोपऱ्यात उभा राहिला की गर्दीतून शिट्ट्या येत.

"अरे भाई, सो गया क्या?"

"बाईने झोपवलाय त्याला. मॅडम, अंगाईपण म्हणा ना."

मध्यंतराला शहाड पुढे, सोळा-नऊ. प्रधान साहेब खुर्चीवरून उठले, रुमालाने मान पुसली, वृंदाकडे पाहिलं आणि परत बसले. वृंदाच्या डोळ्यांसमोर शाळेतला तो सुईदोऱ्यांचा डबा आला. पाच मिनिटांत तिने पोरांना फक्त पाणी दिलं आणि नाड्या पाहिल्या. हरिचंद्रची नाडी दुसऱ्याच मिनिटाला खाली आली होती. तिने ते हिरामणदादांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि गुणफलकाकडे पाहिलं.

सव्विसाव्या मिनिटाला वीस-तेरा. दोन चढाया झालेल्या. तिसरीची वेळ आली तसा हरिचंद्र नियम मोडून मध्यरेषेकडे निघाला. गर्दी ओरडू लागली, जा, जा. त्याने कडेला पाहिलं. तिकडे हिरामणदादा बसले होते, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला थांबायला सांगितलं नव्हतं.

हिरामणदादांनी एकदा वृंदाकडे पाहिलं. तिचे हात घड्याळावर घट्ट होते.

"हरी," ते ओरडले, "ओट्यावं थांब."

हरिचंद्रचं तोंड उतरलं. पण तो मागे फिरला, कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि त्याच्याऐवजी गेलेला पोरगा पकडला गेला. दोरीपलीकडून कुणीतरी चप्पल हवेत उडवली.

मग तेहतिसावं मिनिट आलं. वृंदाने घड्याळावरून डोळे काढले. तिला आता आकड्याची गरज नव्हती, समोर दिसत होतं. शहाडचा उजव्या कोपऱ्यातला खेळाडू हात गुडघ्यांवर टेकून उभा होता. त्यांचा मधला खेळाडू चढाईला आला तेव्हा त्याचा दम मध्येच पातळ झाला, आणि आपल्या पोरांनी त्याला गोणी ठेवावी तसं खाली ठेवलं. हरिचंद्र निघाला. त्याचे पाय पहिल्या मिनिटाचे होते. एका चढाईत दोघे, पुढच्या चढाईत एक, मग कोपऱ्यात जाऊन नाकाने श्वास, आणि परत दोघे. शहाडची माणसं त्याच्याकडे वळायच्या आत तो रेषा ओलांडून आलेला असे. अडतिसाव्या मिनिटाला शहाडवर लोण बसलं. गर्दीतली शिट्टी मारणारी पोरं आता हरिचंद्रच्या नावाने ओरडत होती आणि मघाशी आपण काय बोललो ते विसरली होती.

अठ्ठावीस-पंचवीस. शेवटच्या सात मिनिटांत आपले तेरा गुण, त्यांचे तीन.

पोरांनी हिरामणदादांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी हात झटकले. "मला कशाला? पडीन मी." मग वृंदापाशी आले आणि तिच्यासमोर हात पुढे केला, एका खेळाडूने दुसऱ्याला करावा तसा. तिने तो धरला. पकड अजून सुटणारी नव्हती.

सोमवारी प्रधानांनी तिला आणि हिरामणदादांना एकदमच बोलावलं. टेबलावर ढाल होती. "मॅनेजमेंट खूश आहे," ते म्हणाले. "अडचण एवढीच, आमच्या यादीत असं पद नाही. तर मी सुचवतो, म्हात्रेंच्या हाताखाली सहायक म्हणून—"

"माज्या हाताखाली नको, साहेब," हिरामणदादा मध्येच म्हणाले.

प्रधान गोंधळले. "का? तुमचं पटत नाही?"

"पटतं. पन हिचं काम मला येत नाय. जे मला येत नाय, त्यात मी हिचा साहेब कसा?" त्यांनी खुर्ची मागे सारली. "येगळं पद काढा. नायतर ती ढाल परत शहाडला देऊन या."

वेगळं पद काढायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस वृंदा पत्राशिवायच रोज पाच वाजता मैदानावर गेली आणि कुणी तिला अडवलं नाही. एप्रिलमध्ये आस्थापना विभागातून कागद आला: 'शारीरिक क्षमता प्रशिक्षक, कायम.' तिने तो घरी नेला. शरदचंद्रांनी चष्मा पुसला, ओळ एकदाच वाचली आणि शेजारच्यांना दाखवायला चपला घालून निघाले. जिन्यात त्यांचा आवाज आला, "नाही हो, शाळेतली बाई नाही. वाचा ना, इथे लिहिलंय."

त्यानंतरच्या आठ वर्षांत ढाल पाच वेळा आली. तीन वेळा नाही आली, पण संघ पुन्हा कधी शेवटच्या मिनिटांत विझला नाही. इतर कारखान्यांची माणसं अंबरनाथला येऊन नाल्याकाठच्या मैदानावर उभी राहत आणि पोरं एवढी का थांबतात ते विचारत. १९९७ मध्ये बुवापाड्याची उमा, जी वृंदाकडे चार वर्षं शिकली होती, वर्तमानपत्राचं पान घेऊन आली. मुंबईतल्या एका क्रीडा संस्थेला शक्ती आणि दमासाठी प्रशिक्षक हवा होता. पद छापलेलं होतं, पात्रता छापलेली होती.

"मॅडम, तुम्ही अर्ज करा ना," उमा म्हणाली. "तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे?"

वृंदाने जाहिरात सावकाश वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पान उमाच्या हातात परत दिलं.

"मला माझं पद आधीच मिळालंय," ती म्हणाली. "अर्ज तू भर. आणि मुलाखतीत घाईने बोलू नकोस."