दिव्याच्या खोलीतली सुमती

हे मला नीट आठवतंय की नाही, देव जाणे. वारा होता, हे नक्की. धुकं कदाचित मीच मागाहून घातलं असेल. पण फजिती झाली ती शंभर टक्के माझीच!

निवृत्तीनंतर मी आणि सुमती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, कोकणात गेलो होतो. समुद्रात घुसलेला काळा कातळ आणि टोकावर इंग्रजांच्या काळातलं दीपगृह. आत गोल जिना. वारा कण्हत कण्हत वर चढायचा, अगदी आमच्या पाठोपाठ.

जिन्यातच आमचं वाजलं.

"मी बाहेरच्या सज्जात जाणार."

"कठडा गंजलेला असेल. त्यात तुझा तोल..."

"अहो, वारज्याच्या घरून कठडा तपासून यायला हवं होतं का?"

"जा मग, कुठं जायचं तिथं!"

ती तरातरा वर निघून गेली. धापा टाकत वर पोचलो, तर दिव्याच्या खोलीत कुणीच नाही. मधोमध माणसाएवढं भिंग.

"सुमती!"

नुसता वारा.

आणि भिंगात ती दिसली! डोकं खाली, पाय वर, आकाशातून लोंबकळत असलेली. निळी साडी तीच. त्याहून भयंकर म्हणजे ती हसत होती. हात हलवून मला बोलावत होती!

तुम्ही काय केलं असतं? मी जिना उतरत सुटलो. "पडली! माझी बायको पडली!" दीपगृहाचे साहेब धावत आले. त्यांना ओढत कातळाच्या कडेला नेलं. खाली काळं पाणी, आणि खडकात अडकलेलं काहीतरी निळं. मी आणखी पुढे वाकलो.

ते जुनं जाळं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, कडेला जाऊ नका! तोल जाईल!"

सुमती सज्जातच होती, भिंगाच्या बरोब्बर पलीकडे. भिंगातून माणूस असाच दिसतो, हे कॉलेजात फिजिक्सच्या तासाला फळ्यावर आयुष्यभर मीच काढून दाखवत आलो होतो!

साहेबांनी घाम पुसत विचारलं, "सर, आपण शिकवत काय होतात?"

"इतिहास," मी म्हणालो.

पण भिंग दोन्ही बाजूंनी भिंगच! ही शंका मला बरीच वर्षं छळत होती. परवा चहा घेताना धीर करून विचारलं,

"तेव्हा तुलाही मी तसाच दिसलो असेन, नाही?"

"हो की. खाली डोकं, वर पाय."

"मग तू कशी घाबरली नाहीस?"

सुमतीने शांतपणे बशी पुढे सरकवली. "त्यात नवीन काय होतं?"