शेवटचे दहा फूट आणि माझं 'हसा!'

माझ्या बायकोचा सायकल शर्यतीतला तिसरा नंबर मी घालवला. भर सकाळी, चारचौघांत, कॅमेऱ्याने.

आमच्या घरात मी कॅमेरा डोळ्याला लावून "थांबा! इकडे बघा! हसा!" म्हटलं की माणसं जागच्या जागी थांबतात. ही शिस्त माझीच. मेहुण्याच्या लग्नात मी नवरीला तीनदा हार घालायला लावला होता (एकदा भटजींचा हात मध्ये आला, एकदा लेन्सवरचं टोपण काढायचं राहिलं). आमच्या लेकीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही मी "थांबा!" म्हणून ओरडलो. ती जी बसली, ती पंधरा दिवस उठली नाही!

तर शुभदा, म्हणजे आमची ही, बावन्नाव्या वर्षी सायकल चालवायला लागली. तिचा भाऊ विलास फोनवर हसला. "ताई, या वयात? चालायला जा की गुपचूप!" ती मात्र चार महिने रोज पहाटे पनवेलच्या रस्त्यांवर, न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या ट्रेलरच्या कडेकडेने सायकल हाणत राहिली. शर्यतीच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "अहो, रेषा ओलांडतानाचा एक फोटो हवाय. विलासला पाठवायचाय. हलला तर बघा!"

मी काय कमी तयारी केली होती? धावत्या सायकलबरोबर कॅमेरा फिरवायचा सराव महिनाभर चालू होता. हाती नुसती चाकं लागली, आणि एक दूधवाला, जो सायकल थांबवून विचारत होता, "पेपरात येनार हाय का?"

शर्यत पनवेलहून निघून कर्नाळ्याच्या पायथ्याशी संपायची होती. मी तासभर आधीच रेषेपाशी जाऊन बसलो. काय सकाळ होती हो! कर्नाळ्याचा सुळका धुक्यात तरंगत होता. झाडीत कुठलासा पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होता. रस्त्यावर कोवळं ऊन सांडलेलं, आणि त्या धुक्यातून एकेक सायकल आवाज न करता यायची, जशी झोपेत आठवणारी माणसं येतात. मी कुणाचा कोण, इथे कशाला आलोय, सगळं विसरलो. नुसता बघत राहिलो.

बायकांमधल्या पहिल्या दोघी निघून गेल्या. आणि मग धुक्यातून नारिंगी हेल्मेट आलं. शुभदा! तिसरी! मला इतका आनंद झाला की कॅमेरा उचलला आणि तोंडातून सवयीने निघालं, "थांबा! इकडे बघा! हसा!"

तिने करकचून ब्रेक लावला.

रेषेच्या दहा फूट अलीकडे! एक पाय खाली टेकला, हेल्मेटमधून आलेली बट आत सारली आणि छान हसली. तीस वर्षांची सवय ती!

"निघाला का हो?"

"डोळा मिटलास. परत एकदा!"

आणि ती परत हसली. तेवढ्यात तिच्या शेजारून दोघी सर्रकन रेषेपलीकडे गेल्या. चहाच्या टपरीवरचा माणूस न राहवून ओरडला, "ओ ताई, रेस हाय ना? तुमी थांबल्या कशाला?"

मग तिला कळलं. मलाही कळलं. ती रेषेपलीकडे गेली ती पाचवी. मला रस्त्यातच रडू आलं.

परतताना गाडीत, पळस्प्यापाशी मी म्हटलं, "शुभदा, चुकलं गं माझं."

"तुम्ही ओरडलात, पण थांबले मीच ना?" ती म्हणाली. "आता दर रविवारी तुम्ही ओरडायचं आणि मी थांबायचं नाही. सराव!"

फोटो मात्र आजवरचा माझा सर्वोत्तम आला होता. विलासला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मस्त! शर्यत कधी सुरू होणार?"

तेव्हापासून दर रविवारी पहाटे मी ओवे गावाकडच्या रस्त्यावर उभा राहून ओरडतो. पहिल्या रविवारी ती थांबलीच. दुसऱ्या रविवारी नुसती हळू झाली. गेल्या रविवारी मी घसा फोडून "हसा!" म्हटलं, तेव्हा ती हसली, पण पायडल मारतच राहिली. मी बटण दाबेपर्यंत फोटोत उरलं ते धुकं, ओला रस्ता आणि थोडंसं ऊन.

तो फोटो तिने हौसेने मोठा करून हॉलमध्ये लावलाय. पाहुणे विचारतात, "छान आहे हो. पण वहिनी कुठे आहेत यात?"

"त्या पुढे गेल्या," मी सांगतो. "थांबलेला तो मी. कॅमेऱ्यामागे."