तीन लुगडी आणि अडीच वारांचं मैदान

माझ्या थोरल्या नणंदेशी ज्याचं एकदाही भांडण झालं नाही, तो माणूस आमच्या तालुक्यात राहणारा नसणार. पाहुणा म्हणून आलेला असणार. वन्सं तिसगावच्या बाजारात मिरचीवाल्याशी भांडतात, जामखेडच्या गाडीत कंडक्टरशी भांडतात, आणि कोणीच सापडलं नाही तर वाऱ्याशी भांडतात. "आत्ताच झाडलंय ना? लगीच पाला आनून टाकतोस व्हय रं मुडद्या?" असं त्या वाऱ्याला म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी अगदी उलट. दारात पोस्टमन आला तरी मी आतूनच खाकरते. तरी आमच्या दोघींचं जमलं, आणि जमलं ते मैदानावर.

मैदान म्हणजे बसस्टँडमागची सरकारी मोकळी जागा. शाळेतली खिचडी शिजवून झाली, भांडी घासून झाली की वन्सं तिथं पोरींना खो-खो शिकवायच्या. कोणी नेमलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. सातवीत असताना त्या स्वतः जिल्ह्याला खेळून आल्या होत्या, तेवढंच त्यांचं शिक्षण आणि तेवढाच अधिकार. रोज झाडायचं, सडा टाकायचा, आणि येणाऱ्या प्रत्येक पोरीनं आधी पाच खडे वेचून बाहेर टाकायचे, मगच आत पाय ठेवायचा. एकदा तहसीलदारसाहेब सहज बघायला आले, तर त्यांनाही म्हणाल्या, "साहेब, पाच खडे." साहेबांनी मुकाट्यानं वाकून वेचले. एका लग्नवाल्यानं मैदानात मांडवाचे खड्डे घेतले, तेव्हा वन्संनी ऐन हळदीत जाऊन नवरदेवाच्या बापाच्या हातात फावडं दिलं आणि खड्डे बुजेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग जेवूनच आल्या. वर म्हणाल्या, "बुंदी बरी हुती."

मैदान आखायची त्यांची रीत मात्र कुठंच नसेल. टेप नव्हता, म्हणून त्या जुन्या नऊवारी लुगड्यानं मोजायच्या. लांबी तीन लुगडी आणि वर अडीच वार, रुंदी दोन लुगड्यांना अर्धा वार कमी. एक टोक त्या धरायच्या, दुसरं मी. पुण्याहून एकदा खेळाचे सर आले, त्यांनी टेप लावून पाहिला आणि बोटभरही फरक निघाला नाही. वन्संनी त्या टेपाकडे असं पाहिलं, की टेपच पास झाला म्हणायचा.

हे सगळं हसण्यासारखं आहे, पण त्यात एक हसण्यासारखं नव्हतं. आमच्या भागातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात, आणि पोरी जरा मोठ्या झाल्या की त्यांनाही नेतात. वन्सं त्या घरांत जाऊन भांडायच्या. "पोरगी टीममधे हाय. तिला न्यायची न्हाई. आजीपाशी राहू दे, मी बघती तिच्याकडं." मैदान होतं म्हणून टीम होती, आणि टीम होती म्हणून पाच-सहा पोरी दर वर्षी मागं राहून शाळेत जायच्या. काजल त्यातलीच. ती पळायला लागली की मागची पोरगी रडकुंडीला यायची.

मग निधी आला. कोटींचा आला म्हणाले. मैदानावर मोठा बोर्ड लागला, त्याच्यावर पुढाऱ्यांचे फोटो, आणि फोटोंतून जागा उरली तिथं लिहिलेलं, 'भव्य क्रीडा व मनोरंजन संकुल'. गाण्यावर नाचणारं कारंजं, हिरवळ, गाळे, खाऊगल्ली, वाहनतळ. ज्या मैदानाला कधी पाण्याचा एक नळ मिळाला नाही, तिथं आता पाणी नाचवणार होते.

भूमिपूजनाच्या दिवशी नकाशा टेबलावर मांडला होता. वन्संनी विचारलं, "साहेब, खो-खो कुठं हाय यात?"

इंजिनिअरनी एका चौकोनावर बोट ठेवलं. "हे बघा आजी, बहुउद्देशीय मैदान. सगळे खेळ यात."

आखणीच्या खुंट्या आधीच ठोकलेल्या होत्या. वन्संनी पिशवीतून लुगडं काढलं आणि मला म्हणाल्या, "वयनी, धर." सगळ्या मांडवासमोर आम्ही दोघींनी मोजलं. लांबीला दोन लुगड्यांतच मैदान संपलं. मग वन्सं तशाच वाहनतळाकडे वळल्या. तिथं पाच लुगडी भरली.

"गाड्यांना पाच आन पोरींना दोन व्हय वो?"

खुर्च्यांवरची माणसं हसली. पुढारी हसतच म्हणाले, "आजी, निधी वरून आलाय, नकाशा वरून आलाय. आमी काय करनार?"

"मग खेळायला बी वरूनच येनार हायेत का?"

पुन्हा हशा. तेव्हा इंजिनिअर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. बरोबर मोजलंय का ह्यांनी?" इतकी वर्षं ते टोक धरलं होतं मी, माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण समोर एवढी माणसं. मी पदर ओढला आणि खाली पाहिलं. "बघा, ह्यांनाच खात्री नाही," ते म्हणाले, आणि नारळ फुटला. घरी येताना वन्सं मला एक शब्द लागट बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तू टोक ताठ धरलं हुतं. लई झालं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काम सुरू झालं, मैदानाभोवती पत्रे लागले. वन्सं त्या दसऱ्यालाही घरोघरी गेल्या, पण आता काय सांगून भांडणार? काजलचा बाप वाईट नाही. तो म्हणाला, "आक्का, टीम कुठं हाय आता? रिकामी ठिवून काय करू तिला?" ट्रक निघाला तेव्हा पाच पोरी भांड्याकुंड्यांवर बसून गेल्या.

आता संकुल झालं आहे. आत जायला तिकीट आहे. दोन लुगड्यांच्या त्या चौकोनात आईस्क्रीमच्या गाड्या लागतात. संध्याकाळी वन्सं मला घेऊन जाळीपाशी जातात आणि नुसत्या बघतात. परवा हिरवळीवर कोणी तरी पळताना दिसलं. मागं शिट्टी वाजवत वॉचमन. पळणारी डावीकडे झुकली, उजवीकडे सुटली, दिव्याच्या खांबाला एका हातानं धरून गर्रकन वळली, आणि वॉचमन पुढं निघून गेला.

"आगं, काजली हाय ती!" वन्सं जाळीला धरून ओरडल्या. "खाली वाक! वाकून पळ!"

कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे तोड संपून, गावी आलेली काजल फाटकातून बाहेर पळाली आणि आमच्यापाशी येऊन दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभी राहिली.

"एवढ्यात दम लागला व्हय गं?"

"मोळ्या उचलून पाठ धरलीया, आजी."

वन्संनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूहळू चोळू लागल्या. आत कारंजं सुरू झालं, गाणं लागलं. काजलनं विचारलं, "उद्या कुठं जमायचं?"

वन्सं तिची पाठ चोळतच राहिल्या. "उद्याचं उद्या बघू," त्या म्हणाल्या. "आधी दम खा."

तिचा श्वास खाली बसेपर्यंत आम्ही तिघी जाळीच्या बाहेर उभ्या होतो.