पुढच्या गाडीतला आवाज

रविवारी बेलापूरहून पाथर्डीला निघालो. नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत होती... कपाट आणि फ्रीज टेम्पोत, सामान सांभाळायला आमचे हे ड्रायव्हरशेजारी. मागे कार चालवायला मी, आणि माझ्या भरवशावर सासूबाई.

सध्या उसाचा सीझन. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी एवढ्या जोरात की हॉर्न ऐकणार कोण? ओव्हरटेक करण्यापेक्षा मी आपली मागेच रांगत राहते.

म्हणून ह्यांनी युक्ती काढली. टेम्पो आधी पुढे जाणार, ह्यांना पुढचा रस्ता दिसणार, फोन दोन्हीकडे स्पीकरवर. "ये" म्हणाले की मी जायचं, "थांब" म्हणाले की थांबायचं. आमचे हे मुळातच मोजकं बोलणारे, त्यामुळे काम त्यांना अगदी फिट.

तीन-चार ट्रॅक्टर झकास मागे टाकले. मग शेवगावच्या अलीकडे "ये, मोकळं हाय" ऐकलं, इंडिकेटर दिला, गाडी अर्धी बाहेर काढली... तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पुन्हा एकदा इचार की त्याला."

विचारलं. उत्तर नाही. परत विचारलं, तरी नाही. मी मुकाट्याने गाडी आत घेतली आणि समोरच्या वळणावरून एसटी आली... अगदी खेटून गेली.

पुढे टेम्पो कडेला थांबलेला, आणि हे रस्त्यावर उभे, चेहरा पांढराफटक. रेंज गेली होती. एसटी दिसल्यावर ते जिवाच्या आकांताने "थांब, थांब" ओरडत होते आणि माझ्यापर्यंत पोचलं होतं फक्त आधीचं "ये".

सासूबाईंनी तिथेच निकाल लावला. "तू आता बोलतच ऱ्हा. तुझा आवाज बंद झाला की ही थांबंल."

मग काय... ह्यांनी आधी दुकानांच्या पाट्या वाचल्या. त्या संपल्यावर शाळेतल्या मारामाऱ्या सांगितल्या. आणि मध्येच, ड्रायव्हरसमोर, म्हणाले, "तू लायसन काढलंस तवा मला लई भारी वाटलं हुतं. सांगायचं ऱ्हायलं." मला समोरचं धूसर दिसायला लागलं, म्हणून पुढचा ट्रॅक्टर मी ओव्हरटेकच केला नाही.

सुप्याला कंपनीत असलेला भाचा सांगतो, आता गाड्याच एकमेकींशी बोलून ओव्हरटेक कधी करायचं ते सांगणार आहेत. येऊ दे बाबा लवकर. फक्त त्यांना एवढं शिकवा, की आवाज बंद झाला तर मघाचं "ये" धरून चालायचं नाही.

आणि मागच्या सीटवर सासूबाई असल्या तर उत्तमच. त्यांनी पुन्हा विचारायला लावलं, म्हणून आज हे लिहायला मी आहे.